फिकट चौकोन

टोलीडो, ओहायो. मार्चचा बर्फ काळा पडून
रस्त्याकडेला साचलाय.
कंपनीचा निरोप सकाळीच आला:
लोरेटा, आत जायची गरज नाही.
एक मुलगा फोनवर फोटो काढेल,
खोल्या यंत्र मोजेल, आकडाही तेच काढेल,
तू फक्त खाली सही कर.
एका सहीचे साठ डॉलर.

मी तरी निघाले.
तत्त्व वगैरे नाही. एकतीस वर्षांची सवय,
आणि गुडघे अजून जिने चढतात.

नव्याशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते.
लेझर माझ्या टेपपेक्षा खरं बोलतो.
टेप पहिल्या फुटातच ताणली गेली होती,
कितीतरी घरं मी बोट-बोटभर लहान नोंदवली असतील.
कुणी तक्रार केली नाही.

डेल्विन स्ट्रीट, सतराशे सहा.
मिसेस ऑडेसा प्रुइट, काचेच्या कारखान्यातून निवृत्त,
कर्ज हवंय, छप्पर गळायच्या आत बदलायला.
दार उघडून आधी माझे बूट पाहते, मग मला.
"किचन गेल्या वर्षी नवं केलंय," म्हणते,
पाठ केल्यासारखं.
घर लख्ख. इतकं, की कुणी राहतच नसावं.
हॉलच्या निळ्या वॉलपेपरवर
सात फिकट चौकोन,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक खिळा.

मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
कपाटाचं दार नीट लागत नव्हतं:
फटीत पदवीदानाची टोपी,
टोपीखाली एका काळ्या मुलीचा हसरा गाल.
आपली माणसं लपवली की घराचा भाव चढतो,
असं तिला कुणीतरी सांगितलंय.
आणि सांगणारा खोटं बोलला, असं
मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

फॉर्ममध्ये चौकोनांसाठी रकाना नाही.
यंत्राकडेही नाही.

रात्री माझ्या तळघरातली जुनी खोकी काढली.
एकोणीसशे शहाण्णव. हीच गल्ली, तीन घरं पलीकडे.
अक्षर माझंच, तिरकं, घाईतलं:
'परिसर उतरता. वजा आठ टक्के.'
का, ते लिहिलेलं नाही.
हार्लन शुल्ट्झने शिकवलं होतं,
रुळांच्या उत्तरेला आठ टक्के,
मीठ चवीपुरतं म्हणतात तसं.
माणूस वाईट नव्हता.
माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवलं होतं त्याने.

आणि आता हे यंत्र,
त्याला चेहरा दिसत नाही,
म्हणून सगळे निष्पक्ष म्हणतात.
ते वाढलंय कशावर? अशाच खोक्यांवर.
आडात असतं तेच पोहऱ्यात येतं.
आड खणायला मीही होते, कुदळ घेऊन.

त्याचा आकडा: एक लाख बारा हजार.
मी रुळांपलीकडची चार घरं शोधली,
यंदाच विकलेली, तेच वर्ष, तशाच खोल्या.
कारणं लिहिली, पानभर, सुवाच्य.
एक लाख एकतीस हजार.

मग हात चोरटा झाला.
अडतीस लिही, म्हणाला. फेडून टाक एकदाचं.
तिच्या तळघराच्या पूर्व भिंतीला ओल होती,
बोट लावलं तर पांढरा क्षार लागला होता.
विसर, म्हणाला हात. विसरायची तुला सवय आहे.
पण कर्ज चढणार ते प्रुइटच्या नावावर.
माझ्या पश्चात्तापाचे हप्ते तिने का भरावेत?

ओल लिहिली. वजा चार हजार.
सही केली. कंपनी आता बहुतेक
दुसरी सही शोधेल, स्वस्तातली.

एक राहिलंच.
दुपारी दारात टेप गुंडाळताना मी म्हणाले होते,
"फोटो परत लावलेत तरी चालेल."
तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"आधी अहवाल येऊ दे," म्हणाली,
आणि दार लावून घेतलं, हळूच.