फुगलेली

आत-बाशीच्या वर, विजेच्या शेवटच्या खांबाला टेकून
आमची पत्र्याची खोली.
आत चूल, आठ बॅटऱ्या आणि मी.

उडून आलेली बॅटरी तापलेली असते, तिला निवू द्यायचं.
रात्रभर जीपमध्ये राहिलेली
नदीतल्या गोट्यासारखी गार. तिला कोटाच्या आत
बरगड्यांशी धरून बसायचं, मगच चार्जरला लावायचं.
चुलीजवळ न्यायची नाही. कधीच नाही.
ऊब अंगाचीच हवी,
कुठं थांबायचं ते तिला कळतं.

मुकाश दारातून डोकावतात.
"सैकाल, कोकरू घेऊन बसलीस काय?"
कोकरू निदान ओरडतं, मी म्हणते.

पेटी सोव्हिएत लष्कराची, काडतुसांची.
झाकणाचं रबर मीच खरवडून काढलं;
धूर कोंडला तर पेटीचाच बाँब व्हायचा.
खाली फरशी, शेजारी वाळूची बादली,
आणि घाट बंद झाला की सगळ्यांना निम्म्यावर आणून ठेवणं.
भरलेली ठेवली तर आतून नासते,
पार रिकामी ठेवली तर पुन्हा उठत नाही.
बहिणीला फोनवर हे सांगत होते, तर ती म्हणाली,
म्हणजे तुझ्यासारखंच की.
मी फोन ठेवला.

गुरुवारी सहा नंबरची फुगली.
चूक माझी. शरदात घोडे हरवले तेव्हा
काठोकाठ भरून ठेवली होती,
आणि घोडे आपापले परत आले.

मुकाशनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला
आणि कमरेचा चाकू काढला.
ओला लसूणघास खाऊन मेंढी फुगते, तेव्हा
डाव्या कुशीत चार बोटं मोजायची
आणि टोचायचं. फुस्सकन वारा निघतो,
मेंढी उठून चालायला लागते.
चाळीस वर्षं त्यांच्या हाताला हेच ठाऊक.

मी मनगट धरलं. दोन्ही हातांनी.
त्यांचं मनगट, एवढं जाड, थरथरलं.
"टोचलं की पेटते."
"मग करायचं काय हिचं?"
"काही नाही. बाहेर, भिंतीपासून लांब,
वाळूत ठेवायची. आणि वाट बघायची."
"काहीच नाही?"
असं त्यांनी तीनदा विचारलं.

बादली त्यांनीच उचलली, पावलं मोजत नेली
बर्फातून, कुंपणापलीकडे.

मध्यरात्री खिडकी पुसून पाहिलं.
काही पेटलं नव्हतं.
बादलीपासून दहा पावलांवर मुकाश उकिडवे बसलेले,
चाकू म्यानात,
आणि आजारी मेंढीजवळ काढतात तो आवाज
तोंडातल्या तोंडात काढत होते.

दोन नंबरचीला अजून वीस मिनिटं हवी होती.
मी चार्जर बंद केला.
डोळे मिटायला लागले की तो चालू ठेवायचा नसतो.