वई

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीला आमचं दुकान.
काटेरी तार, जाळी, सिमेंटचे खांब.
वडील, बाबगोंडा मगदूम, गिऱ्हाइकाला सांगायचे,
आमचं कुंपण म्हैस ओलांडत नाही.
भाऊबंदाची हमी नाही.

धाकटा सन्मती हॉलंडला असतो.
रविवारी फोनवर म्हणाला, दादा,
इथं घरामागच्या बागेला जवळजवळ 'टाउन'च म्हणतात.
मी म्हटलं, टाउन म्हणजे गाव की रं,
आपला टाउन हॉल काय बागेचा हॉल हाय व्हय?
मग आठवलं, बाग तिथंही आहे,
चिंचेखाली डबा खाल्लाय आपण दोघांनी.

तो सांगत राहिला.
शेजारी जर्मनीत हाच शब्द 'त्साउन',
आणि अर्थ निव्वळ कुंपण.
वर बर्फाच्या बेटावर तोच शब्द
घराला लागून राखलेलं गवताचं रान.
साहेबाच्या भाषेत मात्र
आतली माणसं वाढत गेली,
खांब कुठं रोवले होते ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

म्हणजे वाटणीच की.
एकाला खांब आले, एकाला वाफा,
एकाला वैरण,
आणि एकानं गावच्या गाव नावावर करून घेतलं.
फेरफार कुठल्या तलाठ्यानं ओढला, देव जाणे.

रात्री वही मिटताना माझ्याच जिभेवर
फुलेवाडी आली, उजळाईवाडी,
नरसोबाची वाडी, आणि मामाची केळीची वाडी.
आडके गुरुजींना विचारलं.
म्हणाले, जुन्या भाषेत 'वाट' म्हणजे कुंपण,
वाडी तिची लेक, वाडा तिचा ल्योक.
आणि आपण चालतो ती वाट?
ती निराळ्या घरची, म्हणाले,
नाव तेवढं एक.

बाहेर हद्दवाढीची रिक्षा ओरडत गेली.
शहर म्हणतंय या,
गावं म्हणतात, येत न्हाई जा.
दोन्हीकडचे फलक
माझ्याच तारेनं बांधलेत, उधारीवर.

सोमवारी वडणग्याच्या हौसाक्का आल्या.
वीस किलो द्या.
मी विचारलं, कशाला, वांग्याला?
वांग्याला, म्हणाल्या, आणि तुमच्या शहराला.
उद्या आलंच चालत, तर वाफ्याच्या अलीकडं थांबंल.
मला वाटलं सांगावं,
आक्का, लांब कुठं तरी एक शब्द आहे,
त्यात तुमचं वांगं, तुमची तार
आणि हे शहर, तिघंही एकाच घरात राहून गेलेत.

पण त्या वेटोळं उचलून बघत होत्या.
अंगठ्याला रक्ताचा ठिपका आला,
तो त्यांनी पदराला पुसला.
आधी काटा बघ, म्हणाल्या.

तारेचा की तराजूचा,
मी विचारलं नाही.
वजन पुन्हा केलं.
पावशेर कमी भरलं होतं.