काठोकाठ

बस रिकामी होती. सहा अधिकारी,
आणि पुढच्या सीटसमोर स्टीलच्या ट्रेवर
पाण्याचा एक ग्लास, काठोकाठ.
वाशीपासून स्टेडियमच्या तीन नंबर गेटपर्यंत
थेंब सांडता कामा नये,
असं वरून आलं होतं.
खेळाडूंच्या गुडघ्यांचा विमा असतो म्हणे.

मी मागच्या दाराशी, हातात वही,
कनिष्ठ अभियंता, रस्ते, नेरूळ विभाग.

सानपाड्याच्या जोडावर पाणी हललं, सांडलं नाही.
जुईनगरच्या उताराला ग्लासात एक वर्तुळ उठलं
आणि आपलं आपणच निवळलं.
उड्डाणपुलाखाली रंगारी फलंदाज काढत होते,
उजव्या हाताचा, पण दांड्यावर उजवा हात वर.
कुणी तरी हसलं, कुणी तरी लिहून घेतलं.
नाल्याला हिरवं कापड, कुंड्यांना नंबर.

मग शिरवण्याच्या शाळेसमोर
ड्रायव्हरने सवयीने क्लच दाबला
आणि अर्धी ओंजळ पाणी
मोठ्या साहेबांच्या बुटावर.

वहीत लिहिलं : साखळी क्रमांक दोन हजार तीनशे चाळीस.
गतिरोधक, एक. काढणे.

त्याला नाव आहे, कागदावर नसलं तरी.
रिक्षावाले विचारतात,
कुंदाबायच्या टेंगळापाशी सोडू का?
कुंदा ठाकूर. शाळेत खिचडी शिजवते.
चार वर्षं, अकरा अर्ज,
पहिल्या अर्जाला एका सायकलीचा फोटो.
फक्त सायकलीचा.
नोकरीला लागलो तेव्हा ती फाइल माझ्याकडे आली,
फोटोवर टाचणीचा गंज उतरला होता.

रात्री पावणेदोनला मशीन आणलं.
चाळीस मिनिटं लागली.
सात थर निघाले डांबराचे,
तळाशी पहिल्या वर्षीचा पिवळा पट्टा, अजून पिवळा.
मशीनवरचा रफीउद्दीन म्हणाला,
एवढ्याशा उंचीत केवढं सामान!
पहाटे रस्ता असा झाला होता
की कॅरमची सोंगटी सोडली असती
तर थेट स्टेडियमला पोचली असती.

सामन्याच्या दिवशी बस गेली.
काळ्या काचा, पुढे दोन मोटारसायकली.
शाळा ओलांडायला तिला चार सेकंद लागली,
मी घड्याळ लावलं होतं.
मुलांना सुट्टी दिली होती.
कुंदाबाय तरी गेटवर उभी होती,
हातात घासायचं राहिलेलं पातेलं.

स्पर्धा संपली. कुंड्या ट्रकमधून गेल्या, नंबरासकट.
हिरवं कापड कुणाच्या तरी पडवीला लागलं.
रस्ता मात्र राहिला,
आणि चांगला राहिला, खोटं कशाला बोलू,
माझी आई डायलिसिसला याच रस्त्याने जाते,
आता दर खड्ड्याला माझ्या खात्याचा उद्धार करत नाही.

पण शाळेसमोर आलं की
जुने रिक्षावाले अजून ब्रेक दाबतात.
तिथे काही नाही. तरी दाबतात,
उचकी लागल्यासारखे थबकतात, मग जातात.
मी पानटपरीशी उभा राहून मोजतो.
पहिल्या सोमवारी शंभरात एकसष्ट.
मग चव्वेचाळीस.
परवा एकोणीस,
त्यातले बहुतेक पिकल्या केसांचे.

काल ती बारावा अर्ज घेऊन आली.
मी म्हटलं, प्रस्ताव पाठवतो, निविदा निघेल,
मार्चनंतर बघू.
तिने खुर्ची ओढली नाही.
बसचा ड्रायव्हर तिच्याच आळीतला,
गोष्ट पोचली होती.
माझ्या टेबलावरच्या ग्लासाकडे बघत म्हणाली,
"साहेब, येवरा काठोकाठ कनाला भरलाव?
जरासा कमी भरला असता तं?"

मी अर्जावर शिक्का मारला.
तो तिरका उमटला, तारीख अर्धीच.
तिने कागद उचलला, उजेडात धरला,
परत माझ्यासमोर ठेवला
आणि बोट टेकवून दाखवलं,
हितं. सरल मारा.