अडुसष्ट प्याले

महिन्याच्या पहिल्या रविवारी
प्रभुभोजनाचे प्याले मी धुते.
अंगठ्याएवढे, काचेचे, एकूण अडुसष्ट.
एखादा फुटला तर मिरजेच्या बाजारात जोड मिळत नाही
म्हणून खजिनदार घाटगे मोजून घेतात
आणि मी मोजून देते.

पूर्वी एकच प्याला होता,
चांदीचा मुलामा दिलेला.
मेजापासून शेवटच्या बाकापर्यंत
ओठांवरून ओठांवर जायचा.
मग आमचा बाप, लाजर,
कवठ्याच्या मांगवाड्यातनं येऊन बाप्तिस्मा घेऊन बसला
आणि पुढच्याच महिन्यात
भुशाच्या खोक्यातनं हे छोटे प्याले आले.
पंच म्हणाले, कॉलऱ्याची साथ आहे.
साथ गेली. प्याले राहिले.
विडी विझवत बाप सांगायचा,
"आपल्यामुळं देवळात काच आली बघ."
हसायचा,
आणि मग जेवण होईस्तोवर बोलायचा नाही.

दिवाळीनंतर चिसोमो यायला लागला.
मलावीचा, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला.
पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मनगटाचं एक बटण तुटलेलं.
मराठी येत नाही. चाली मात्र येतात.
माझ्या मागं उभा राहून
आपल्या बोलीतनं खर्जात गातो,
माझ्या बाकाची पाठ धरून,
आणि ती फळी
माझ्या कण्याला गुणगुणते.

त्या रविवारी शलमोनकाका प्रार्थनेला उठले
ते बसताना पलीकडच्या बाकावर बसले.
त्यांच्या सुनेला पंख्याचं वारं सोसेना.
पोरांना मागनं कुणीतरी हाक मारली.
बोललं कुणीच काही नाही.
आमच्यात असं कुणी बोलत नाही.
पाळकसाहेबांचा उपदेश कूशी अधिकाऱ्यावर होता:
तो रथात बसून यशया वाचतोय,
आणि फिलिप्प धावत जाऊन
चढतो, त्याच्या शेजारी बसतो.
"शेजारी," पाळकसाहेब म्हणाले, दोनदा.
चौथ्या बाकावर चिसोमो
आणि सहा माणसांची जागा.

नंतर मोरीपाशी घाटगे आले. आवाज उतरवून म्हणाले,
"सुवार्ताबाई, त्याचा तेवढा बाजूला ठेवा.
परदेशातली माणसं, आजाराचं काही सांगता येतं का?"
मी म्हटलं, बरं.
आणि अख्खा ट्रे बादलीत उपडा केला.
साबणाच्या पाण्यात अडुसष्ट प्याले
एकमेकांवर किणकिणले.
कुठला शलमोनकाकांचा, कुठला त्या पोराचा,
कुठला माझा,
ज्यानं रक्त सांडलं त्यानंच ओळखावं.
घाटग्यांनी मोजले. भरले.

गोष्ट इथं संपती तर बरं होतं.
बापाच्या कबरीवर जाऊन सांगण्याजोगी होती.

मंगळवारी तो दारात आला.
कुणीतरी सांगितलं होतं, वरची खोली रिकामी आहे.
खिशात आगाऊ भाडं, पाकिटात घालून,
पाकिटावर माझं नाव, इंग्रजीत, चुकीचं.
मी पाणी दिलं.
मांडणीवर बारा पितळी फुलपात्री उपडी होती,
माझा हात
भाच्याच्या लग्नातल्या उरलेल्या कागदी पेल्यांकडं गेला.
कसा गेला मला ठाऊक नाही.
ठाऊक आहे.
मी म्हटलं, नातेवाईक यायचेत, पुण्याहून, राहायला.
त्यानं मान डोलवली, सवय असल्यासारखी.
पाणी संपवलं.
पेला कुठं टाकावा दिसेना
म्हणून चपटा करून, घडी घालून
पाकिटाशेजारी खिशात ठेवला.
फाटकाशी वळून म्हणाला, मोडक्या हिंदीत,
माझ्या नावाचा अर्थ कृपा.
मी विचारलं नव्हतं.

उद्या पहिला रविवार.
ट्रेवर धुतलेलं फडकं घातलंय.
वरच्या खोलीला कुलूप आहे.
नातेवाईक अजून आलेले नाहीत.