घेर

छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा,
म्हणजे जमिनीपासून एक मीटर सदतीस.
छाती माझी नव्हे,
कागदावरच्या कुणा उंच माणसाची.
मला तो हनुवटीपाशी येतो.
ओळ सात, झाड एकोणीस, एकावन्न सेंटिमीटर.
पर्वताबाई गांगुर्डे आकडा ऐकते, म्हणते,
"नातीच्या कमरेएवढं झालं की."

चांदवडच्या डोंगरामागचं हे बरड रान.
वीतभर माती, खाली मुरूम,
मुरमाखाली आणखी मुरूम.
बाजरी यायची, पण रुसून.
हुलगे टाकले तर शेंगेत एकच दाणा,
तोही पाहुण्यासारखा कडेला बसलेला.
कुसळी मात्र मागाल तेवढी.
सासऱ्यानं या तुकड्याचं नावच ठेवलेलं: राहू दे.
शेळ्या कुठायत? राहू देत.
सरपण कुठनं आणलं? राहू देतनं.
सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलंय,
घरात हे.

आधी आम्ही पॉपलर आणला.
उत्तरेकडून, ओल्या गोणपाटात बांधलेल्या छड्या,
प्रत्येकीला नंबर, नाव एकीलाही नाही.
निफाडला थंडी पडते, पेपरात आकडा येतो,
तेवढ्या भरवशावर.
एप्रिलात पानं कडेकडेनं करपली,
तवा विसरलेल्या भाकरीसारखी.
दोनशे चाळीस छड्या.
अहवालाच्या रकान्यात मी लिहिलं: मर.
दोन अक्षरांत भागलं.

मग मलबारी निंब. हा घाईचा.
पहिल्या पावसाळ्यात पुरुषभर,
तिसऱ्या वर्षी वर बघताना पदर सरकतो.
पाचव्याला तोड,
बुंध्यातून पुन्हा फूट, पुन्हा पाच वर्षं.
पर्वताबाई म्हणते, "ही पाचवीची पोरं.
दाखला घेऊन चालली."

"जातात कुठं पण?"
मी सांगते: आधी भुगा, मग लगदा,
उकळायचा, दाबायचा, वाळवायचा.
त्याचे ट्रे होतात. प्लास्टिकऐवजी.
"कशाचे ट्रे?"
द्राक्षांचे.

ती थांबते.
तीस हंगाम तिनं पिंपळगावच्या बागांत काढलेत,
विरळणी, डिपिंग, हात वर धरून धरून
खांदे अजून रात्री वरच असतात.
"आमच्या रानात द्राक्ष कधी आलं नाही," ती म्हणते,
"आता रानच जाणार द्राक्षाखाली. गादी होऊन."
आणि हसते. मला त्या हसण्याची
लांबी-रुंदी काही कळत नाही.

करार चौदा पानांचा आहे.
साल वजा, ओल वजा, वाहतूक कुणाची तेही.
पाच वर्षांत सावली मोठी होते
आणि तिला कुणी सवय लावून घेतं,
त्याचं कलम नाही.
अकराव्या ओळीत साळुंक्या बसल्या होत्या.
मी टाळी वाजवली नाही, एवढंच.

बारावी ओळ संपल्यावर ती म्हणाली, "इकडं ये."
हौदामागं, बोरीच्या काट्याआड,
जिथं तोटी गळते आणि भांड्यांचं पाणी येतं,
एक पॉपलर.
वारा नव्हता, तरी पानं हलत होती,
पिंपळाचा कोणी नव्हे, पण सवय तीच.
म्हणजे दोनशे एकोणचाळीस मेल्या होत्या.
सहा वर्षं माझा अहवाल खोटा,
आणि ती मला दर खेपेला चहा देत होती.

"मोज की," ती म्हणाली.
टेप गुंडाळला. एकोणतीस.
खोड जरा वाकडं, उजेडाकडे.
मी वही उघडली. या झाडाला ओळ नाही,
रकाना नाही, भाव तर नाहीच.
"काय लिहू?"
"लिहायचं राहू दे."

मग काटा परत नीट लावला तिनं,
हात झटकले,
आणि तेरावीकडे निघाली.
वजनकाटा पाचला बंद होतो,
ट्रकवाला दोनदा हॉर्न मारून गेला होता.