वाढत्या अंगाचं

हॅक्सबीसाहेब दुकानात आले तेव्हा
मी कुणाच्या तरी लग्नाची पँट आखूड करत होते.
ग्रिम्सबीत सगळ्यांना आखूडच करून हवं असतं.

ते पोलिसातून निवृत्त झालेत, फाईल झालेली नाही.
खडू आणि टाचण्यांची डबी हलकेच बाजूला सारून
त्यांनी काउंटरवर सहा फोटो मांडले.

एक्क्याऐंशीचा मार्च. लाउथच्या रस्त्यालगतचा चर.
निळा स्कर्ट. चेहरा ओळखण्याजोगा उरला नव्हता.
गळ्याबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही.
वय पंचवीस ते तीस, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी लिहिलं
आणि त्या वयाच्या हरवलेल्या बायका
यांनी हलपासून लिंकनपर्यंत धुंडाळल्या.
तिघी जिवंत निघाल्या.
एकीनं तोंडावर दार लावलं.
मातीचा चेहरा घडवला, बसथांब्यांवर चिकटवला;
दोन हिवाळ्यांत तोही पुसला गेला.

"कापड कधी कुणाला दाखवलंच नाही," म्हणाले,
"तुमची पाटी रोज बसमधून दिसते."

पाचवा फोटो. स्कर्टची खालची कड, उलट्या बाजूनं.
मी भिंग घेतलं.
कडेपासून चार बोटं वर घडीची जुनी रेघ,
इस्त्रीनं पांढुरकी पडलेली.
तिच्याखाली आणखी एक, दोन बोटांवर.
दोनदा उसवलेलं. दोनदा खाली सोडलेलं.
दोरा तपकिरी, निळ्या कापडावर; घरात होता तो.
टाके उलटे कललेले, डावखुऱ्या हाताचे.

"साहेब, हे वाढत्या अंगाचं आहे."
मराठीतच बोलून गेले. इंग्रजीत कसं म्हणावं सुचेना.
मग हात आडवा धरला काउंटरपाशी,
जरा वर नेला,
आणखी जरा वर.

ते हाताकडे बघत राहिले.
चाळीस वर्षं ते एक बाई शोधत होते.

"म्हणजे शाळांचे हजेरीपट," बऱ्याच वेळानं म्हणाले.
वहीत लिहिलं: आई डावखुरी.
'आई' खोडलं. 'कुणीतरी' लिहिलं.
चहा नको म्हणाले. छत्री विसरून गेले,
परत येऊन घेऊन गेले.

एक मात्र मी त्यांना बोलले नाही.
कडेच्या आत, टाक्यांच्या मागे
अजून तीन बोटं कापड
दुमडून ठेवलेलं होतं.