भांगाचं पाणी

रिपोर्ट सोमवारी, पाचनंतर.
काउंटरवरच्या मुलीने पावतीवर गोल केला
निळ्या पेनाने, दोनदा,
जणू मी विसरेन.

शुक्रवारची रात्र मी मोजून काढली.
शेजारी सुधन्वा झोपलेला,
त्याच्या मानेतली गाठ
त्याच्यापेक्षा माझ्याच बोटांना जास्त पाठ.
समोरच्या टॉवरवरचा लाल दिवा लागत होता, विझत होता.
पाम बीचवरून एखादी गाडी
उगाच जोरात जात होती.
आईचं संध्याकाळचं स्तोत्र म्हणायला घेतलं
तर चाळीस वर्षं तोंडात बसलेलं ते
मधेच तुटलं,
पुढचा शब्द सापडेना.
मग नुसतंच म्हटलं, देवा,
तू आहेस की नाहीस हा वाद आपण नंतर घालू.
रात्री तीनला तू जागा असतोस का,
एवढंच सांग.

फ्रीज थांबला.
तेवढी एक शांतता झाली,
आणि फ्रीज पुन्हा सुरू झाला.

शनिवारी भर दुपारी
कोळंबी आणते म्हणून निघाले.
दुपारी एक वाजता कोळंबी कोण विकतं
हे सुधन्वाने विचारलं नाही.

दिवाळ्याच्या जेट्टीवर खाडी उतरलेली.
नुसता चिखल, उन्हाने चकाकणारा,
त्यात निवट्यांची धावपळ,
आणि एका कुशीवर कलंडलेली होडी.
‘गावदेवी प्रसन्न’ मधलं ‘प्रसन्न’
गाळात गेलेलं.
बामाबाय फळ्यांच्या फटीत
कापूस ठोकत होती.

पाणी कधी येणार?
‘सांजंला.’
मग तरंगेल होडी.
‘आज नाय. आज आठम. भांगाचं पाणी,
इथवर चढत नाय.’
तिने हातोडीने दाखवलं कुठवर चढतं ते:
होडीपासून चांगली दहा पावलं अलीकडे
शेवाळाची एक रेघ.
मग आज कशाला ठोकताय?
तिने माझ्याकडे पाहिलं,
समजूतदारपणे वगैरे नाही,
जरा वैतागूनच.
‘पुनवंला पाणी आलं
न् फट तशीच रायली, मंग?’

पुन्हा हातोडी.
मी एका उलट्या क्रेटवर बसून राहिले.
ठक, ठक, मधेच थांबून कापूस पिळणं, ठक.
वेळ किती गेला कळलं नाही.
भीती काही गेली नाही,
पोटात होती तिथेच होती.
फक्त बसली होती.
महिनाभर ती येरझाऱ्याच घालत होती,
तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

उठताना बामाबायने पिशवीत
मूठभर सुकट टाकली. पैसे घेतले, वीस.

देवा, तो वाद अजून बाकी आहे.
पण तुझं पाणी आज कुठवर येतं
ती रेघ मी पाहून आले.
माझ्यापासून दहा पावलं.
ठीक आहे.
दहा पावलं म्हणजे काही कोरडं जग नव्हे.
तोवर मी माझ्या फटी बघते.
हात थरथरतो, कापूस नीट बसत नाही,
तरी बघते.

त्या रात्री तीनला जाग आलीच.
काही विचारलं नाही.
दोघेही जागे आहोत असं धरून
कूस बदलली.

रविवारी, जेवणं झाल्यावर,
मटकी भिजत घातली.
‘आत्ता?’ सुधन्वा म्हणाला.
म्हटलं, उद्या फडक्यात बांधेन,
मोड मंगळवारी येतील.
मंगळवार हा शब्द घरात
बऱ्याच दिवसांनी कुणीतरी उच्चारला.
तो थोडा वेळ उभा राहिला.
मग ओट्यापाशी आला,
पातेल्यावर वाकला,
आणि वर तरंगणारे पोचट दाणे
एकेक करून
बोटाने काढत बसला.